अण्णांच्या आयडीवरची गाणी

हातमागाखाली तूस साचतं. कुणी आणून टाकत नाही, कुणाचं लक्षही नसतं. दिवसभर धोटा इकडून तिकडं पळतो, धाग्याचे बारीक तंतू सुटतात आणि संध्याकाळी केरसुणी फिरवली की मूठभर निघतं. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या अण्णांच्या दुकानातले किस्से असेच साचले आहेत. मी फक्त केरसुणी घेऊन बसले आहे!

अण्णा म्हणजे माझे मामा. पण अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही. सकाळी घरात हातमाग आणि दुपारनंतर दुकान, अशी त्यांची बरीच वर्षं गेली. दुकानाच्या पाटीवर आधी 'कॅसेट रेकॉर्डिंग' होतं, मग 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' आलं, आता 'मोबाईल रिपेरी' आहे. नवी पाटी रंगवताना अण्णा जुनी अक्षरं कधी पुरती खरवडत नाहीत, त्यामुळं तिरकं ऊन पडलं की तिन्ही धंदे एकदम वाचता येतात.

मी दहावीनंतर शिकायला दिल्लीला गेले आणि तिथून जर्मनीला. जुने आवाज जपून कसे ठेवायचे, हाच माझा अभ्यास. दोन वर्षांपूर्वी परत आले, ती वडगावचा आवाज वाचवायचा असं ठरवूनच. वडगावला याची काही कल्पना नव्हती.

*

कॅसेटच्या काळात लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. अण्णांचं तत्त्व एकच, यादीतलं एकही गाणं गाळायचं नाही. त्यामुळं शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं.

हळदीच्या एका गाण्याचं असंच झालं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर कॅसेट संपली. पुढं गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला त्याच कॅसेटची कॉपी गेली आणि कॉपीवरून कॉपी निघाली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते गाणं तेवढंच पाठ. मलाही! जर्मनीत एकदा भांडी घासताना ते गुणगुणत होते आणि दुसऱ्या कडव्यात आपोआप थांबले. पुढं काय आहे, हे मला आजही माहीत नाही.

अण्णांची मुलगी वैशाली निपाणीला दिली. तिच्या हळदीला दोन्हीकडच्या बायकांनी मिळून तेच गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यात आमच्याकडच्या तीसेक बायका एका क्षणी गप्प! निपाणीच्या बायका चार शब्द पुढं गेल्या आणि घाबरून थांबल्या. वैशालीची सासू म्हणाली, "काय झालं वं? रुसला काय?"

आमची शेजारीण सुरेखाआक्का शांतपणे म्हणाली, "रुसतोय कशाला? आमच्याकडं ते एवढंच हाय!"

*

मग स्मार्टफोन आले. नवा फोन सुरू करताना ईमेल मागायला लागला. गल्लीत ईमेल होता कुणाकडं? फक्त अण्णांकडं. वैशालीनं करून दिलेला. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "अण्णा, ईमेलच्या जागी काय घालायचं?"

"माझं घाल की. मी काय परका हाय?"

असं करत करत चाळीसेक फोन त्या एका आयडीवर बसले. विणकर, मास्तर, भाजीवाली, कडोलीचा शेतकरी, निपाणीला नांदणारी वैशाली. दुकानाचं एक फोल्डर होतं. त्यात कुणी गाणं टाकलं की ते चाळीस फोनांत आपोआप उतरायचं. आणि कुणी काढलं की चाळीस फोनांतनं जायचं. माझ्या विद्यापीठात ह्याला 'सिंक' म्हणायचे. गल्लीत 'अण्णांच्यातलं' म्हणतात.

ही गाणी नेमकी राहतात कुठं, असं सुरेखाआक्कानं एकदा विचारलं. ती घरातच पॉवरलूम चालवते, तिला प्रत्येक वस्तूची जागा माहीत लागते. अण्णांनी बोट वर केलं.

"वर असत्यात."

"वर म्हंजे? माळ्यावर?"

"त्याच्याबी वर."

आक्कानं हात जोडले!

पासवर्ड सगळ्या गल्लीला पाठ होता. शांता वन टू थ्री. शांता म्हणजे माझी मामी. पाच वर्षांपूर्वी ती गेली. मी परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांना म्हणाले, "हा पासवर्ड बदलूया. एवढा सोपा ठेवणं धोक्याचं असतं."

"मग काय ठेवायचं?"

"काहीही. जरा अवघड."

"इतकी वर्षं ह्याच नावानं हाका मारल्या. आता अवघड कशाला करायचं?"

मी तो नाद सोडला. मग त्यांनीच एक अट घातली. फोल्डरमध्ये 'रेकॉर्डिंग १४' अशी एक फाईल होती. मामी कांड्या भरता भरता, म्हणजे धोट्यात बसवायच्या दोऱ्याच्या नळ्या भरता भरता, गाणं म्हणते आहे. वैशालीनं लग्नाआधी कधीतरी फोन फळीवर ठेवून टिपलेलं. तो फोन बॅटरी फुगून केव्हाच भंगारात गेला. मामीचा आवाज आता तेवढ्या एका फाईलीत होता. अण्णा ती कुणासमोर लावत नसत.

"बाकी काय पण कर, पल्लू. पर ते चौदा नंबर हलवू नको."

"अण्णा, मी हेच तर शिकून आलेय!" मी म्हणाले.

*

कडोलीच्या यल्लाप्पाला गाण्यांचा भारी नाद. थोडी शेती, दोन म्हशी आणि अण्णांच्या आयडीवरचा फोन. त्या आयडीवरून गाण्यांबरोबर सगळ्यांचे नंबरही त्याच्या फोनात उतरलेले. 'आई' या नावाखाली चाळीस नंबर!

एकदा बेळगावच्या बाजारातून त्यानं आईला फोन लावला.

"आई, म्हशीनं वैरण खाल्ली काय?"

"न्हाई खाल्ली तर जरा गूळ दे तिला. तू जेवलास काय?"

"जेवतो. तुझं गुडघं?"

"दुखत्यात. तू उन्हात हिंडू नको."

दहा मिनिटं असं निवांत बोलणं झालं. घरी गेला तर आई म्हणते, मला कुठं फोन आलाय! शेवटी कळलं की तो सुरेखाआक्काच्या निपाणीच्या आईशी बोलला होता.

"तुला आवाज कळला न्हाई रं?" अण्णांनी विचारलं.

"जेवलास काय म्हणाली की वं! मग मी कशाला शंका घेऊ?"

आणि त्या म्हातारीला? तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. आक्कानं तिला छेडलं तर म्हणाली, "कोण का असंना. ल्योक इचारालाय, तर सांगाय नको?"

त्यानंतर यल्लाप्पानं बोलायला बटणांचा साधा फोन घेतला. मोठा फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि फक्त गाण्यांना ठेवला. कुणी विचारलं तर सांगायचा, "त्यो फोन विमानात असतोय."

माणूस बेळगावच्या पुढं गेलेला नाही. फोन कायमचा विमानात!

*

गाण्यांच्या ॲपची वर्गणीही अण्णांनी एकट्याच्याच नावानं घेतलेली. ॲपला वाटायचं, हा एकच माणूस आहे. पहाटे भैरव ऐकतो, दहा वाजता लावणी, दुपारी कानडी भावगीत, संध्याकाळी मिरवणुकीचा डीजे. बिचारं ॲप ह्या माणसाची आवड ओळखून पुढचं गाणं स्वतःच्या मनानं लावायला जायचं आणि तोंडावर आपटायचं.

आमच्या गल्लीतले कुलकर्णी सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. शास्त्रीय संगीताशिवाय दुसरं काही कानावर पडू न देणारे. एक दिवस ते रागानं दुकानात आले. "पल्लवी, मी भैरवाचा आलाप लावून फिरायला निघतो. चौकात पोचेपर्यंत मध्येच डीजे सुरू! माझी पावलं त्या ठेक्यावर पडायला लागतात. लोक बघतात गं!"

सुरेखाआक्का तिथंच रिचार्जला आलेली. "आन् माझ्या लूमवर सकाळधरनं कोण म्हातारा रडालंय, ते बंद कर आधी."

"ते रडत नाहीत, सुरेखाबाई. आलाप घेताहेत!"

"मग काय दुखालंय ते तरी विचारा त्यास्नी!"

दोघांच्या आवडी वेगळ्या काढायच्या म्हणून मी कोणत्या फोनवर काय वाजलं याची यादी उघडली. मिरवणुकीचं ते डीजे गाणं सरांच्या फोनवर एकतीस वेळा वाजलं होतं. चुकून लागलेलं गाणं एकतीस वेळा शेवटपर्यंत कसं वाजेल? मी आक्का गेल्यावर हळूच विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "ते... अभ्यासासाठी. त्यातली लय मोठी विलक्षण आहे." मग दारातून मागं फिरून म्हणाले, "सुरेखाबाईंना बोलू नकोस."

*

त्या ॲपची आणखी एक खोड होती. एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजणार. दुसऱ्यानं लावलं की पहिल्याचं बंद!

निपाणीत वैशालीच्या नणंदेचा साखरपुडा. मंडप भरलेला, सनईचं रेकॉर्डिंग वैशालीच्या फोनवरून स्पीकरवर लागलेलं. अंगठी घालायची वेळ आली आणि सनई बंद. वैशालीनं पुन्हा लावली. पुन्हा बंद. तिला लगेच उमगलं. तिनं भर मंडपातून वडगावला फोन लावला.

"अण्णा, सरांना सांगा, दोन मिनिटं आलाप थांबवा! इथं अंगठी अडकलीय!"

अण्णा चप्पल न घालता सरांच्या घरी पळाले. सरांनी आलाप थांबवला, निपाणीत सनई सुरू झाली, अंगठी बोटात गेली. सर नंतर आठवडाभर सांगत होते, "त्या साखरपुड्यात माझाही हात आहे बरं का!"

मग अण्णांनी उपाय काढला. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही आणि आलं की कुणी कधी भरायचं याची पाळी ठरलेली असते. अण्णांनी तशीच गाण्यांची पाळी लावली. दुकानाबाहेर पाटी टांगली. सहा ते आठ, सर. दहा ते एक, सुरेखा. दोन ते चार, कानडी मंडळी. चार ते सहा, निपाणी. मी कपाळाला हात लावला. मी म्हणाले, "अण्णा, हे तंत्रज्ञान असं वापरायचं नसतं."

अण्णा कानडीत म्हणाले, "इरली बिडु." असू दे, सोड.

आणि खरं सांगते, भांडण एकही झालं नाही. उलट लूमवर जास्तीचं काम आलं की आक्का हाक मारायची, "सर, तुमची पंधरा मिनटं देता काय?" आणि सर म्हणायचे, "घ्या, घ्या. माझा विलंबित संपतच आलाय."

*

पण मला राहवेना. मी दुकानासमोर खुर्च्या मांडून सभा घेतली. प्रत्येकाचा स्वतःचा आयडी, प्रत्येकाची स्वतःची गाणी! बोलता बोलता माझा आवाज चढला. "हा डेटा म्हणजे आपला वारसा आहे!"

सुरेखाआक्कानं हात वर केला. "वारसा म्हंजे, उताऱ्यावर नाव लागतंय काय?"

तरी मी वीस जणांचे आयडी करून दिले. चार दिवस उत्साहात होते. पाचव्या दिवशी आक्का आली आणि नुसतीच कट्ट्यावर बसली.

"काय झालं, आक्का? गाणं बंद पडतंय का?"

"न्हाई. लई झ्याक चालतंय."

"मग?"

"कोण मधीच रडत न्हाई गं. लूमवर करमंना झालंय."

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांना त्यांच्या नव्या आयडीवर 'अभ्यासाचं' गाणं सापडत नव्हतं. आठवडा सरायच्या आत वीसच्या वीस जण अण्णांच्या आयडीवर परत!

तेव्हा मला हसू आलं होतं आणि थोडा रागही. आता वाटतं, मी जर्मनीतल्या खोलीत हेडफोन घालून सहा वर्षं एकटीनं गाणी ऐकली. माझं गाणं कधी कुणी मध्येच तोडलं नाही. आणि त्या सहा वर्षांतलं एकही गाणं मला कुणाच्या आठवणीसकट आठवत नाही.

*

आता माझा पराक्रम.

अण्णांच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं म्हणून मी रेकॉर्डिंग १४ घेतलं. मामीचा आवाज गोड, पण मागं मागाचा खडखडाट. ठक-खडक, ठक-खडक, सारखा. मला शिकवलं होतं, आवाज जपायचा तर आधी स्वच्छ करायचा. तीन दिवस बसून मी एकूण एक खडखड काढली. काचेसारखा आवाज मिळाला. तो '१४ स्वच्छ' म्हणून फोल्डरमध्ये ठेवला. आणि त्याच झपाट्यात सगळं फोल्डर आवरायला घेतलं. अकरा हजार गाणी होती, एकेक गाणं पाच-पाचदा. मी एका सॉफ्टवेअरला सांगितलं, सारखी गाणी शोध, त्यातलं चांगलं ते ठेव, बाकीची काढ.

वाढदिवसाला दुकानाचं शटर अर्धं ओढून मी अण्णांच्या कानाला हेडफोन लावले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मध्येच गाणं थांबतं आणि मामी कुणाला तरी म्हणते, "थांबा की. एवढी कांडी होऊ दे." मूळच्यात त्याआधी लांबून काहीतरी अस्पष्ट पुटपुट होती, ती मी खडखडाटाबरोबरच काढून टाकली होती; मला वाटायचं, दारात कुणी आलं असेल. मग गाणं पुढं सुरू होतं.

अण्णांनी हेडफोन काढले. "माग कुठं गेला?"

"काढला, अण्णा. स्वच्छ केलं. मामी कशी स्पष्ट ऐकू येते ना?"

"येती." ते हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. "पर रिकाम्या घरात एकलीच बसल्यावानी वाटतीया."

"मूळचं आहे की! लावते," असं म्हणून मी फोल्डर उघडलं.

मूळचं नव्हतं. सॉफ्टवेअरला दोन्ही गाणी सारखी वाटली होती आणि त्यानं 'चांगलं' ते ठेवलं होतं. फोल्डरमधून गेलं म्हणजे चाळीस फोनांतून गेलं. माझ्या लॅपटॉपमधूनही, कारण तोही अण्णांच्याच आयडीवर. काढलेल्या फाईली महिनाभर कचरापेटीत राहतात, म्हणून मी ती उघडली. ती लख्ख रिकामी होती.

चौकशी केली तेव्हा कुलकर्णी सर अभिमानानं म्हणाले, "कचरापेटी ना? ती मी दर रविवारी साफ करतो. घाण साठू द्यायची नाही!" मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काही होतं का त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते आठ सरांनी आपली पाळी घेतली नाही. सगळी गल्ली शांत होती.

*

अण्णा माझ्याशी रोजच्यासारखंच वागत होते. त्याचाच जास्त त्रास होत होता.

सुरेखाआक्कानं तोड काढली. "नुसती मागाचीच खडखड पायजे न्हवं? माझ्या सासूचा हातमाग हाय मागच्या खोलीत. मी चालवतो, तू भरून घे आन् वर घाल." अण्णा आपला माग मामी गेल्यावरच विकून बसले होते, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. आक्कानं दिवसाचं काम टाकून दोन तास हातमाग चालवला. मी ते रेकॉर्ड केलं, मामीच्या गाण्याखाली नेमकं बसवलं. ठोक्याला ठोका! मला तर फरकच कळेना.

अण्णांनी अर्धा मिनिट ऐकलं. "झ्याक झालंय," ते म्हणाले. "हात चांगला हाय. पर हा सुरेखाचा हाय."

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "वळखतील म्हणून वाटलंच हुतं मला. चालवणाऱ्याचा हात लपत न्हाई."

"मग मूळच्यात कुणाचा हात होता?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. "एवढं शिकून आलीस आन् हे कळलं न्हाई तुला? तिकडं शांताक्का कांड्या भरत्यात आन् म्होरं माग अण्णाच चालवालेत की गं!"

मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, खडखडाट काढ. त्यानं अण्णांना काढलं होतं.

*

मग मी चाळीस फोनांची यादी घेऊन बसले. एखादा फोन तरी बंद पडलेला असेल, एखाद्यानं सिंक केलं नसेल! गल्लीभर दारोदार हिंडले. निपाणीला वैशालीचा, तिच्या नवऱ्याचा, नणंदेचा फोन बघितला. सगळे फोन आज्ञाधारक. जिथं जिथं रेकॉर्डिंग १४ होतं, तिथं तिथं आता '१४ स्वच्छ' होतं. एकोणचाळीस नावांवर काट मारली आणि चाळिसाव्या नावावर पेन थांबलं. यल्लाप्पा. विमानात!

त्याच्या बटणांच्या फोनवर मी फोन लावला. "यल्लाप्पामामा, तुमच्या मोठ्या फोनात रेकॉर्डिंग १४ आहे का बघा. कुठलं बटण दाबू नका, नुसतं बघा!"

"बघाय कशाला पायजे? हाय की. रोज वाजतंय."

"मग तो फोन घेऊन लगेच दुकानात या!"

"ते जमायचं न्हाई. फोन गोठ्यात हाय. तिथनं हलवता येत न्हाई. तुमीच या."

"का हलवता येत नाही?"

"या तर!"

दुपारी चार वाजता अण्णांनी शटर ओढलं. स्कूटरवर मागं मी, मांडीवर लॅपटॉप, मुठीत केबल. कडोलीत शिरल्यावर यल्लाप्पा घरासमोर घासलेली बादली घेऊन उभाच होता.

"संमेलनाला अजून लई टाइम हाय की, अण्णा!" तो म्हणाला. दर वर्षीच्या साहित्य संमेलनाशिवाय बेळगावची माणसं कडोलीला येत नाहीत, अशी त्याची तक्रार असते. अण्णा थोडंसं हसले.

गोठ्यात खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती आणि पिशवीत फोन. खाली एक तरणी म्हैस पाय झाडत उभी.

"ही चंद्री," यल्लाप्पा सांगू लागला. "नवी आणली तवा पान्हाच सोडंना. गूळ घातला, पेंड घातली, फोनातली सगळी गाणी लावली. सरांचा म्हातारा लावला तर कान पाडून बसली. डीजेला तर लाथच घातली! शेवटाला ह्या एका गाण्याला गप उभी ऱ्हायली. आता दोन वर्षं झाली, ह्याच्याबिगर थेंब देत न्हाई. कुणाच्या घरची बाई हाय म्हाईत न्हाई, गाण्याला नाव न्हाई घातलेलं, नुसता नंबर हाय."

अण्णा दाराजवळच्या वैरणीच्या पेंढीवर टेकले.

यल्लाप्पानं पिशवीवरूनच फोनवर बोट दाबलं आणि म्हशीखाली बसला.

ठक-खडक. ठक-खडक. मग त्यावर मामीचा आवाज. म्हशीनं पाय झाडायचे थांबवले. बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी, आणि बघता बघता धारा मागाच्या ठोक्यावर पडायला लागल्या. अण्णांचा उजवा हात मांडीवर होता. धोट्याची दोरी ओढावी तसा तो हलत होता.

मध्यावर गाणं थांबलं. मागही थांबला. आणि जी जागा माझ्या स्वच्छ आवाजात रिकामी होती, तिथून लांबून एका माणसाचा आवाज आला, "शांता, च्या टाक की गं."

"थांबा की. एवढी कांडी होऊ दे."

तो माणूस हसला. माग पुन्हा सुरू झाला.

मी खुंटीपाशी गेले, केबल पुढं केली. अजून निम्मं गाणं राहिलं होतं, पण मला धीर नव्हता. फोन पडला तर, बॅटरी फुगली तर!

"थांब की गं," अण्णा म्हणाले. "एवढी बादली होऊ दे."